बफर कुणी वाढवला?

१

बुधवारी सकाळी उज्वला चोर ठरली. चोरलं काय, तर आवाज.

इवलीशी क्लिप होती. तिच्यात आमची उज्वला माईकसमोर गातेय. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. ओठ मिटले तरी सूर चालूच. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'बाई नुसतं तोंड हलवते, आवाज भाड्याचा.' त्याच्याखाली जे लिहिलं होतं ते मी इथे उतरवणार नाही. आमच्या माणसानं डोकं वर काढलं की कोणत्या शिव्या बिळातून बाहेर येतात, ते आम्हाला पाठ आहे.

मी अपेक्षा. खालापूरच्या कोर्टात वकिली करते. लहानपणी कर्जतच्या 'सम्यक गायन पार्टी'त कोरसला उभी राहायचे. पार्टी जानकीबाईंची. राज्यातल्या गायन पार्ट्यांची 'जलसा गौरव' नावाची स्पर्धा आहे, तिच्या अंतिम फेरीच्या दारात आमची पार्टी पहिल्यांदाच पोचली होती. निवडीची फेरी इंटरनेटवरून होती. आपल्याच गावातून थेट प्रक्षेपण करायचं, ते फक्त परीक्षकांना दिसणार; एक मुख्य गळा, एक गाणं. मोठा नियम एकच. गाणं तिथल्या तिथे गायचं, आधी भरून ठेवलेलं वाजवायचं नाही.

क्लिप फिरली तशी नोटीस आली. रविवारी परीक्षक कर्जतला येणार. तोवर सिद्ध करा, नाहीतर पार्टी बाद आणि उज्वलाचं नाव फसवणूक करणारी म्हणून जाहीर.

उज्वला कोर्टाच्या आवारात माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. डोळे कोरडे.

"ताई, मला बक्षीस नको. माझा आवाज माझा हाय, एवढं सिद्ध कर."

"गायलीस ना तू?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी फाइल मिटली आणि उठले.

२

कर्जतच्या समाजमंदिरात देवेश वाट पाहत होता. नेरळला नोकरी करतो आणि पार्टीचा लॅपटॉप सांभाळतो.

"मला यातलं काही कळत नाही असं धरून सांग," मी म्हटलं.

"कळत नाहीच तुम्हाला," तो म्हणाला. मला माणूस आवडला.

"हे बघा. माईकचे आवाज मिक्सरमध्ये येतात. मिक्सरमधून दोन वाटा फुटतात. एक सरळ हॉलच्या स्पीकरला. दुसरी लॅपटॉपला, प्रक्षेपणासाठी. लॅपटॉपमध्ये मी व्हर्च्युअल साऊंड कार्ड टाकलंय. खरं कार्ड नाही, कार्डाचं सोंग घेणारा ड्रायव्हर. एका प्रोग्रामचा आवाज उचलतो, दुसऱ्या प्रोग्रामच्या पदरात टाकतो."

"आणि उशीर कुठे होतो?"

"बफरमध्ये. आवाज थेंब थेंब पाठवत नाहीत ताई. बालदी भरायची, मग ओतायची. बालदी लहान ठेवली तर लवकर पोचते, पण लॅपटॉप जरा दमला की ती अर्धवटच पुढे जाते. मग आवाजात कर्र कर्र. बालदी मोठी ठेवली तर कर्र कर्र बंद, पण भरेपर्यंत पुढचा खोळंबतो. हा ड्रायव्हर अशा चार बालद्या एकामागे एक लावतो. बालदीचं माप आकड्यानं ठरतं; सगळ्यात मोठा आकडा निवडला तर उघड दिसेल इतका आवाज मागे पडतो. चित्र वेगळ्या वाटेनं येतं, ते कुणासाठी थांबत नाही."

"तू किती ठेवला होतास?"

"दोनशे छप्पन. सगळ्यांना बसवून ठरवला. एकशे अठ्ठावीसला कर्र कर्र येत होती. मोठा केला तर काय होतं, तेही सगळ्यांना करून दाखवलं."

"सगळे म्हणजे?"

"पार्टीचे पाच जण. जानकीमावशी, सुनीलदादा, लियाकतभाई, उज्वला आणि मी. लॅपटॉपचा पासवर्डही या पाच जणांनाच माहीत."

"म्हणजे कार्यक्रमात आकडा दोनशे छप्पनच होता?"

देवेशनं माऊस खाली ठेवला. तळवे पँटला पुसले.

"कार्यक्रम संपल्यावर मी बघितलं, ताई. चार हजार शहाण्णव होता. मी गुपचूप परत खाली आणला. कुणाला सांगितलं नाही."

३

"गाढवा!" मी म्हटलं. "दोन दिवस तिला लोक फाडून खातायत आणि तू गप्प?"

"मला वाटलं माझ्याच हातून झालं. पण नाही झालं, ताई. हे बघा."

त्यानं स्पर्धेवाल्यांनी नोटिशीसोबत पाठवलेला प्रक्षेपणाचा व्हिडिओ लावला. सुरुवातीला देवेश कॅमेऱ्यासमोर येतो आणि एक टाळी वाजवतो. हात भिडले तेव्हाच आवाज.

"ही माझी सवय आहे. चित्र आणि आवाज जुळतात का ते टाळीवर कळतं. इथे जुळलेत."

मग व्हिडिओत मोकळं स्टेज दिसतं आणि पूर्ण शांतता. त्यानंतर उज्वलाचं गाणं. उशिरा येणारं.

"टाळी आणि गाणं यांच्यामध्ये काय झालं?"

"वंदना."

तेव्हा मला सगळं चित्र दिसलं. जानकीबाईंचा नियम मी लहानपणापासून ओळखते. गाण्याआधी त्रिशरण आणि पंचशील, आणि त्या वेळी सगळे माईक बंद. "वंदनेला माईक कशाला?" त्या म्हणायच्या. "बुद्धाला काय कमी ऐकू येतं?" स्टेज हॉलच्या एका टोकाला, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांचं टेबल दुसऱ्या टोकाला. पार्टी असो की श्रोते, सगळे उठतात, प्रतिमांकडे तोंड करतात, हात जोडतात. स्टेजकडे सगळ्या हॉलची पाठ. आणि लॅपटॉप स्टेजच्या पडद्यामागे; तिथे जायची बाजूची वाट कॅमेऱ्यात येत नाही.

"आकडा बदलायचा तर ड्रायव्हर थांबवून परत चालू करावा लागतो," देवेश म्हणाला. "माईक चालू असते तर प्रक्षेपणात आवाज तुटलेला कळला असता. वंदनेत तुटायला आवाजच नव्हता."

म्हणजे हे ज्यानं केलं त्याला ड्रायव्हर कळत होता, आणि जानकीबाईंचा नियमही. बाहेरचा नव्हे. आमच्यातलाच.

बातमी फुटली आणि संध्याकाळपर्यंत वस्तीनं निकालही लावून टाकला. पार्टीत वंदना न म्हणणारा माणूस एकच. ढोलकीवाला लियाकत.

४

लियाकतभाईंचं नेरळला रिक्षांच्या सीट शिवायचं दुकान आहे. मशीन न थांबवता ते म्हणाले, "या वकीलसाहेबा. बेडी आणली का?"

"विसरले घरी. वंदनेच्या वेळी कुठे होतात?"

"रांगेत. वीस वर्षं रांगेतच उभा हाय. तोंडानं म्हनत नाय, ते माझं नाय. पन उभा ऱ्हातो. ज्यांच्यासंगं वाजवतो ते उभे आन मी बसलेला, असं आमच्या अब्बांनी शिकवलं नाय."

"कुणी पाहिलं?"

"सगळ्यांची तोंडं फोटोकडं. माझ्या थोबाडाकडं कोन बघतं?" मशीन थांबलं. "तुमी बी तेच इचारायला आलात व्हय?"

मला लाज वाटली. पण प्रश्न विचारायचाच होता. "वंदनेच्या आधी काय करत होतात?"

"काय करनार? पायात चाळ बांधले. ढोलकी वाजवताना उजव्या पायानं ठेका धरतो ना. वंदना झाली की थेट थाप, मग बांधायला वेळ नसतो."

मी ते मनात ठेवलं.

सुनील कर्जतच्या चौकात भेटला. जानकीबाईंचा मुलगा. वर्षानुवर्षं पार्टीचा मुख्य गायक तोच. यंदा आईनं स्पर्धेसाठी मुलाला बाजूला ठेवून उज्वलाला उभं केलं.

"कोरसला का नव्हतास?"

"कोरसला उभा राहायला मी काय आज शिकलो का? वंदना म्हटली, आन पयल्या रांगेत जाऊन बसलो." तो चहात फुंकर मारत राहिला. "खरं सांगू, अपेक्षा? मला तितंच दिसलं. व्हट आधी, सूर मागनं. माझ्या डोळ्यांदेखत. पार्टीची इज्जत म्हनून गप बसलो."

"म्हणजे ती गात नव्हती?"

"मी कुठं तसं म्हनलं? मी दिसलं ते सांगितलं. उरलेलं लोकं म्हनत्यात."

"आणि तुझी आई तिला निवडते, ती काय बहिरी आहे?"

त्यानं कप इतक्या जोरात ठेवला की चहा माझ्या बाहीवर उडाला.

५

शुक्रवारी मी देवेशला आणि उज्वलाला समाजमंदिरात उभं केलं.

"आकडा चार हजार शहाण्णव कर. उज्वला, गा."

ती गायली. मी पहिल्या रांगेत, सुनील जिथे बसला होता तिथेच बसले. डोळे तिच्या ओठांवर. ओठ आणि आवाज बरोबर, एका श्वासाचा फरक नाही. मग पडद्यामागे जाऊन लॅपटॉपवर पाहिलं. तिथे ओठ पुढे, आवाज मागे.

साधी गोष्ट होती. हॉलच्या स्पीकरला आवाज थेट मिक्सरमधून जातो, लॅपटॉपमध्ये शिरतच नाही. उशीर फक्त प्रक्षेपणात. पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला तो दिसूच शकत नाही. सुनीलनं डोळ्यांदेखत पाहिलं म्हणून जे सांगितलं, ते त्या हॉलमध्ये घडलंच नव्हतं.

"सुनीलदादा?" उज्वला खुर्चीवर बसली. "त्यांनीच मला पहिला सूर लावायला शिकवला, ताई."

"खोटं बोलला एवढंच कळलं. बफर त्यानंच वाढवला हे कळलेलं नाही."

मग मी पूर्ण गाण्याचं प्रक्षेपण पुन्हा पाहिलं. क्लिपमध्ये नुसता तिचा चेहरा कापून घेतला होता, पूर्ण चित्र कुणी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या कडव्यात लियाकतभाईंचा गुडघा पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला लागतो. पेला पडतो, घरंगळतो. आणि मग, मागून, त्याचा खणखणाट येतो.

मी टेबलावर मूठ मारली. "देवेश, आधी भरून ठेवलेल्या गाण्यात त्या दिवशी पडलेला पेला कसा असेल रे?"

त्यानं तो तुकडा परत लावला. गाणं जेवढं मागे, पेला तेवढाच मागे. गाणं खोटं असेल तर पेलाही खोटा. उज्वला सुटली.

पण पार्टी सुटली नव्हती. स्पर्धेचा नियम मी वाचला होता. यंत्राची हयगय पार्टीकडून झाली तरी पार्टी बाद. हयगय नाही, घात आहे, हे दाखवायचं होतं. आणि पडद्यामागे काय झालं ते ना कुणी पाहिलं, ना कुणी ऐकलं.

"ऐकलं नाही असं कसं?" देवेश सावकाश म्हणाला. "माईक बंद होते. कॅमेरा बंद नव्हता. कॅमेऱ्याला त्याचा स्वतःचा बारका माईक असतो, ताई. कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर वंदना आहे."

६

शनिवारी मी ते कार्ड घेऊन जानकीबाईंकडे गेले. चित्रात मोकळं स्टेज, बाकी नुसता आवाज. हॉलभर माणसं एकत्र म्हणतायत, पण पार्टीचे लोक कॅमेऱ्याच्या जवळच्या रांगेत असल्यानं त्यांचे गळे वर येतात.

आधी मी एक गोष्ट तपासली होती. सबंध वंदनेत चाळांचा एकही आवाज नाही. वंदना संपल्यावर मात्र छुम छुम करत कुणीतरी स्टेजकडे जातं. चाळ बांधलेला माणूस जागचा हलला असता तर भिंतींनाही कळलं असतं. लियाकतभाई उभे होते. सांगितलं होतं तसेच.

"मावशी, तुम्ही आम्हा सगळ्यांचे गळे घडवलेत. यात कोण आहे आणि कोण नाही, ते सांगा."

जानकीबाईंनी डोळे मिटले. पहिलं शरण झालं.

"ही उज्वला. हा देवेश, मेला बेसूर, पन हजर हाय." त्या हसल्या. "खालचा खर्ज सुनीलचा. बापासारखा हाय गळा."

दुसरं शरण. त्यांच्या कपाळावर आठी आली. हाताची बोटं थांबली.

"परत लाव."

मी लावलं.

"हितं भोक पडलंय," त्या पुटपुटल्या. "खालनं भोक पडलंय गं. छत हाय, भुई नाय."

पुढे तिसरं शरण गेलं. मग शीलं सुरू झाली. हिंसेचं गेलं, चोरीचं गेलं, व्यभिचाराचं गेलं, खोटं बोलण्याचं गेलं. शेवटच्या शीलाला खालचा आवाज पुन्हा येऊन भिडला, जरा धापा टाकत. मी जानकीबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहराच बोलत होता.

मग त्या डोळे उघडून म्हणाल्या, "मला काय कळत नाय, अपेक्षा. कान म्हातारे झाले. जा तू."

जानकीबाईंना खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

७

रविवारी समाजमंदिर भरलं होतं. परीक्षक तिघे आले. अध्यक्ष जाड चष्म्याचे, आवाज मऊ, बोलणं तोलून. सुनील मागे खांबाला टेकून.

मी पेला दाखवला. पडला तेव्हाचं चित्र आणि मागून आलेला खणखणाट. देवेशनं बफर खाली-वर करून उज्वलाला गायला लावलं. आकडा चढला की आवाज मागे, उतरला की जाग्यावर. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

अध्यक्षांनी मान डोलावली. "कलावंताबद्दल शंका उरली नाही. आनंद आहे. परंतु तांत्रिक हयगय तर झालीच. नियमाप्रमाणे पार्टीला..."

"हयगय नाही," मी म्हटलं. "टाळीच्या वेळी बफर बरोबर होता, गाण्याच्या वेळी चुकीचा. मध्ये फक्त वंदना झाली. वंदना चालू असताना कुणीतरी उठून पडद्यामागे गेलं."

"कोण?"

माझ्याकडे कार्ड होतं. पण त्या गर्दीतून तो एक गळा ओळखणारे कान माझे नव्हते. परीक्षकांनी विचारलं असतं, कशावरून? आणि मी गप्प झाले असते. मी जानकीबाईंकडे पाहिलंही नाही. एका आईकडे तसं बघायचं नसतं.

"कोण, वकीलबाई?" अध्यक्षांनी पुन्हा विचारलं.

मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "इचारा ढोलकीवाल्याला." लियाकतभाई ऐकून न ऐकल्यासारखे बसले होते, मान ताठ.

तेव्हा पुढच्या रांगेत खुर्ची सरकली.

"कोन बोललं ते?" जानकीबाई उभ्या होत्या. "लियाकत रांगेत हुता. त्याच्या पायात चाळ हुते, ते वाजले नाय. काल मी ह्या पोरीशी खोटं बोलले. वंदना मी ऐकली. दुसऱ्या शरणापास्नं एक गळा गायब हाय. खोटं बोलायचं नाय, हे शील आलं तवा बी त्यो हितं नव्हता. शेवटचं दारूचं शील आलं तवा मात्र येळेवर हजर. सुनील, म्होरं ये."

खांबाला टेकलेला सुनील सरळ झाला.

"आई..."

"म्होरं ये म्हनलं ना. माझ्या पोटातला आवाज हाय त्यो, मला इसरता येत नाय. चुकले आसंन तर तसं सांग. पन माझ्या डोळ्यांत बघून सांग."

तो पुढे आला. ओठ हलले, काही फुटलं नाही. शेवटी म्हणाला, "मला वाटलं नुसतं गाणं बिघडंल. परीक्षक नापास करतील. मग पुढच्या टायमाला तू मला... ती चोर म्हनून नाचवली जाईल, हे माझ्या मनात बी नव्हतं, आई."

"क्लिप फिरली तवा तर कळलं ना? तवा तोंड उघडलं का? उलट लोकांना सांगत सुटलास, मी बी बघितलं म्हनून." त्यांचा आवाज चिरला, पण खाली आला नाही. "पार्टीत तुला जागा नाय. पोट भरायला घरी ये, तिथं जेवायला मी घालीन. गायला नाय."

सुनीलनं उज्वलाकडे पाहिलं, तेव्हा तिनं नजर वळवली नाही. त्यालाच वळवावी लागली.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "फार वाईट झालं. पार्टीचा प्रवेश कायम ठेवू. जाहीर करताना आम्ही 'तांत्रिक कारण' एवढंच म्हणू. तुमच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला? समाजाची बदनामी होते."

हा मऊ आवाज मी ओळखते. झाकून ठेवायचं आणि वर उपकार केल्यासारखं दाखवायचं.

मी बोलणार होते. जानकीबाईंनी मला हातानं थांबवलं.

"सायेब, जे झालं तसंच लिवा. पार्टीतल्याच मानसानं केलं, जानकीच्या पोरानं केलं, नावानिशी लिवा. तांत्रिक कारन म्हनलात तर ह्या पोरीवरचा डाग अर्धाच धुतला जाईल. अर्धी धुतलेली कापडं आमी घालत नाय."

"पण बाई, तुमचंच नाव..."

"माझ्या नावाचं मी बघते. आमच्यातला चोर आमी धरला, भर सभेत, सोताच्या रक्ताचा. आता तुमचं सांगा. प्रक्षेपण तर तुमा परीक्षकांनीच बघायचं हुतं. मग पोरीचा तेवढाच चेहरा कापून त्यो तुकडा बाहेर कुनी सोडला? तुमच्या तिघांतल्याच कुनीतरी. आमच्याकडं व्हिडिओ नोटिशीसंगं आला, त्याच्या आधीच जगाकडं क्लिप गेली. धरा तुमचा चोर. न्हाय धरता येत?"

तीन परीक्षकांपैकी एकजण बुटांकडे बघू लागला. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चष्मा परत घातलाच नाही. चष्म्याविनाच त्यांना दिसलं असावं.

मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मला म्हणाले, "वकीलबाई, तुम्ही सांगा. मी लिहून घेतो."

मी उज्वलाकडे बोट केलं. "मी नाही. ती सांगेल."

उज्वला उभी राहिली, पदर खोचला आणि पहिलं वाक्य सांगितलं. अध्यक्ष लिहीत गेले. ती सावकाश सांगत होती. त्यांचं लिहून पुरं झाल्याशिवाय पुढचं वाक्य देत नव्हती.